पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

एखादी गोष्ट खरी आहे असं तुम्ही छातीठोकपणे सांगता, तेव्हा ती तुम्ही कुठपर्यंत तपासलेली असते?

रागावू नका. हा प्रश्न मला पंधराव्या वर्षी विचारला गेला तेव्हा मीही रागावले होते. आज दहा वर्षांनी तो मी तुमच्यापुढे ठेवते आहे. कारण पुन्हा मार्च आलाय, आणि बदलापूरच्या बस स्टॉपवर हातात पॅड धरलेली, ओठांनी काहीतरी पुटपुटणारी मुलं दिसू लागलीत.

आमच्याकडचा मार्च मी डोळे मिटून ओळखते. आंब्याचा मोहोर गळून अंगणात त्याचा चिकट भुसा झालेला असतो. बारवी धरणाच्या बाजूला पळस पेटलेला असतो. आणि वारा त्या बाजूने आला की राबाचा वास येतो. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून तो भाजतात. त्याला राब म्हणतात. तो कडवट, उबदार धूर आमच्या दहावीच्या वर्गात खिडकीतून यायचा आणि भूमितीच्या वहीला लागायचा. अजूनही कुठे पाला जळाला की मला आधी परीक्षा आठवते आणि मग एक आकडा.

५१०५११. हा माझ्या मैत्रिणीचा सीट नंबर होता.

हिरा बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. शाळेसाठी शिरगावात मावशीकडे राहायची, शनिवारी घरी जायची. हजेरीपटात तिचं नाव माझ्या लगेच खाली. त्यामुळे पाच वर्षं आमचा बाक एक, आणि हॉल तिकिटं आली तेव्हा नंबरही शेजारी शेजारी. माझा ५१०५१०. तिचा एकाने जास्त.

त्या वर्षी महाशिवरात्रीला तिचा बाप तिला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेला. दर्शन झालं. बाहेर जत्रेत एकजण काळी छत्री रोवून, पुढे आकड्यांचा तक्ता मांडून बसला होता. बापाने कौतुकाने पोरीचं हॉल तिकीट दाखवलं.

सोमवारी हिरा शाळेत आली ती पुस्तकं परत करायला.

"मंगे, मना नाय बसायचं परीक्षेला."

"का गं? ताप आलाय का डोक्यात?"

"तो छत्रीवाला बोलला, नंबराची बेरीज तेरा. तेराची होते चार. चार म्हणजे राहू. यंदा पोरीला बसवू नका, अपेश लिवलंय."

"आणि तुझा बा?"

"बा काय बोलनार? बोलला, मग राब भाजायला ये. पुढच्या साली बघू."

पुढचं साल म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. घरी बसलेल्या पोरीला वैशाखात पाहुणे बघायला येतात.

मी घाईघाईने माझ्या नंबराची बेरीज केली. बारा, म्हणजे तीन. तीन म्हणजे गुरू, उत्तम! एका बाकावरच्या दोघी, मध्ये फक्त एकाचा फरक, आणि तेवढ्यात एकीच्या वाट्याला गुरू आणि दुसरीच्या वाट्याला राहू? माझी कानशिलं तापली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. पगार, सुरक्षा, पाणी, बुवाबाजी, विषय कुठलाही असो, लिहायचे तेच. आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं शिकले ती त्यांतली, आणि गणितं केली ती त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पुढे "एकजूट!" आणि मागे माझे भागाकार. त्यामुळे अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

पण लिहायचं काय? त्या दुपारी मी पाठकोऱ्या कागदावर दोन्ही नंबर लिहून त्यांच्याकडे बघत बसले. माझ्या नंबरात तेच तीन अंक दोनदा होते: पाचशे दहा, पाचशे दहा. बाबांनी मला एक गंमत शिकवली होती. कुठलाही तीन अंकी आकडा दोनदा शेजारी लिहिला की तो एक हजार एकने भागला जातो; आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. मग राहिले पाचशे दहा. ते झाले दोन, तीन, पाच आणि सतरा यांचा गुणाकार.

मी कागदावर ओळीने लिहिलं: २, ३, ५, ७, ११, १३, १७. ज्या संख्येला ती स्वतः आणि एक सोडून दुसरं कुणी भागत नाही, ती मूळ संख्या. या पहिल्या सात मूळ संख्या, एकही न गाळता, प्रत्येकी एकदाच! माझा सीट नंबर म्हणजे त्यांचा नेमका गुणाकार होता. मला हसूच आलं. बोर्डाच्या कुठल्या कारकुनाला माहीत असेल, की त्याने एका फिटरच्या मुलीला काय देऊन टाकलंय?

आणि हिराचा नंबर त्याहून एकाने मोठा. म्हणजे त्याला या सातांपैकी कोणीही भागलं तरी एक उरणारच. सात जण आले आणि सातही जण हात हलवत परत गेले. मी कागदावर हात आपटला. मूळ संख्या! हिचा नंबर कुणालाही फुटत नाही!

मंगळवारी मी हिराला गाठून हे सांगितलं. तिला ते पटलं, कारण सात भागाकार तिने स्वतः करून बघितले. शनिवारी ती पाड्यावर जाऊन बापाला म्हणाली, "बा, माझा नंबर कुनाला फुटत नाय." बाप म्हणाला, "कुनालाच फुटत नाय? मंग बस."

अशी हिरा परत पुस्तकांकडे आली. आणि मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता: "राहू नव्हे, अभेद्य संख्या!" खाली: "५१०५११ या संख्येला जगातली कोणतीही संख्या भागू शकत नाही." बाबांनी एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली, आणि रात्रपाळी नव्हती त्या दिवशी दाढी करून सायकल काढली. मी मागच्या कॅरिअरवर. उन्हातून अंबरनाथ ओलांडून आम्ही उल्हासनगरला पोचलो.

तिथे कॅम्पातल्या एका गल्लीत, पापड वाळत घातलेल्या खाटांच्या मागे, होतचंदकाकांचा छापखाना होता. एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या केसेस, शाईचा आणि रॉकेलचा वास. काका लहानपणी फाळणीत सिंधमधून या निर्वासितांच्या कॅम्पात आलेले. मालक तेच, खिळे जुळवणारे जुळारी तेच, प्रूफ वाचणारेही तेच. बाबांची पत्रकं ते वर्षानुवर्षं छापत होते. त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती आणि सगळ्यांना तिचा त्रास व्हायचा: मजकूर पटल्याशिवाय ते खिळ्याला हात लावत नसत. लग्नपत्रिकेतला मुहूर्तसुद्धा ते पंचांगात बघून घ्यायचे.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझा कागद वाचला.

"साईं, मुलगी लिहिते छान. आग आहे, आग." बाबा खूश. मग काका माझ्याकडे वळले. "बेटा, हे, कोणी भागू शकत नाही म्हणतेस. कहाँ तक देखा?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठपर्यंत तपासलंस?"

"सतरापर्यंत. सगळ्यांना एक उरतो."

"बरोबर. उन्नीस?"

माझी यादी सतरावरच संपत होती.

"उन्नीस का सोडलास? उन्नीस ने तेरा क्या बिगाड़ा?"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या चाळीत दिवेलागणीला सगळी पोरं ओट्यावर बसून परवचा म्हणायची, बे एके बे पासून तीसपर्यंतचे पाढे, एका सुरात. त्या सुरात एक सोय असते. जो पाढा येत नाही त्याला नुसते ओठ हलवायचे. मी सहा वर्षं एकोणीसच्या पाढ्याला ओठ हलवले होते. एकोणीस दुणे अडतीसपर्यंत माझा आवाज असायचा, पुढे फक्त तोंड. कोणालाही कळलं नव्हतं. त्या दुपारी उल्हासनगरात एका सिंधी म्हाताऱ्याला कळलं.

काकांनी प्रूफाच्या कागदावर शिसपेन टेकवली. एक्कावन्नात एकोणीस दोनदा, उरले तेरा. एकशे तिसात सहा वेळा, उरले सोळा. एकशे पासष्टात आठ, उरले तेरा. एकशे एकतीसात सहा, उरले सतरा. शेवटचा एक खाली उतरला. एकशे एकाहत्तर. एकोणीस नवे एकाहत्तरासे. बाकी शून्य.

उत्तर आलं २६८६९. मी ते परत केलं. पुन्हा तेच आलं.

"थांबलीस पण कुठे थांबलीस बघ," काका म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती. "पुढच्याच दारात होता तो. दार वाजवलंच नाहीस."

"काका, छापा ना पण," मी म्हणाले. लाज वाटते, पण म्हणाले. "कोण भागून बघणारे? तिचा बाप तयार झालाय. आता सांगितलं तर तो परत नाही म्हणेल. तिचं वर्ष जाईल. लग्न लावून देतील हो तिचं!"

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी टोपी काढून घाम पुसला. ते माझ्या बाजूने बोलतील अशी मला खात्री होती. आयुष्यभर ते माझ्याच बाजूने बोलले होते.

"मंगल," ते म्हणाले, "छत्रीवाल्याने न तपासता सांगितलं की हा नंबर वाईट. तू न तपासता सांगितलंस की हा नंबर चांगला. पत्रक तुझं आहे की त्याचं?"

घरी येताना मी कॅरिअरवर रडत होते आणि बाबा मुद्दाम उताराच्या रस्त्यानेही हळू सायकल चालवत होते. मला तेव्हा दोघांचा भयंकर राग आला होता. तत्त्वं पाळायला यांचं काय जातं? परीक्षा तर हिराची जाणार होती!

पुढच्या रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. बारवीचं पाणी उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. ते पाणी त्यांच्या दारातून निघून आमच्या शहरांच्या नळांना येतं. त्या वाटेवर मला पहिल्यांदा वाटलं, की यांच्याकडून आमच्याकडे एवढं येतं आणि आमच्याकडून यांच्याकडे काय जातं? मी एक खोटी गोष्ट पाठवली होती.

हिराचा बाप राबाच्या कडेला काठी घेऊन उभा होता, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून. हिरा घमेल्याने माती टाकत होती. मी एका दमात सांगून टाकलं. की माझं चुकलं, नंबर फुटतो, एकोणीसने फुटतो.

"म्हंजे तो छत्रीवाला खरा?" बाप म्हणाला.

"नाही. तो बेरीज करून थांबला. मी सतरावर थांबले. आम्ही दोघंही पुढे गेलो नाही."

बापाने काठीने एक निखारा आत ढकलला. मला हिराच्या हातातलं घमेलं दिसत होतं आणि दुसरं काहीच दिसत नव्हतं. आता तो म्हणेल, टाक माती. संपलं.

हिराने घमेलं खाली ठेवलं. "एकोनीसने?" ती म्हणाली. "थांब."

तिने बापाच्या हातातली काठी घेतली, आणि कालच्या राबाची राख पसरली होती तिथे उकिडवी बसून ५१०५११ लिहिलं. मग मोठ्याने सुरू झाली. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न... तिने कधी नुसते ओठ हलवले नव्हते. पाड्यावर परवचा म्हणायला दुसरं कुणी नव्हतंच; तिला एकटीला, गुरांमागून येताना, सगळा पाढा स्वतःच्या आवाजात म्हणावा लागला होता. शेवटी "एकाहत्तरासे!" म्हणून तिने काठी राखेत खुपसली.

"काय उरलं?" बापाने विचारलं.

"काय नाय उरलं."

"मंग ह्यो मोठा आकडा कोन?" त्याने २६८६९ कडे बोट दाखवलं. "ह्यो फुटतो का?"

हिराने माझ्याकडे बघितलं. मला माहीत नव्हतं. तिने राख सारखी केली आणि पुन्हा बसली. तेवीस, एकोणतीस, एकतीस, सदतीस. धूर डोळ्यांत जात होता. बाबा आणि तिचा बाप बांधावर बसून आळीपाळीने आग राखत होते. काहीवेळा तिचं चुकायचं, मी सांगायचे. बहुतेक वेळा माझं चुकायचं. त्र्याहत्तर. एकोणऐंशी. त्र्याऐंशी. एकोणनव्वद. राख जागोजाग खरडली होती. आणि सत्त्याण्णवला ते आलं, दोनशे सत्त्याहत्तर, बाकी शून्य. हिराने हात वर केले तेव्हा ती कोपरापर्यंत काळी होती.

"आणि दोनशे सत्त्याहत्तर?" मी विचारलं.

"त्याला काय बघायचंय?" ती म्हणाली. "सतराचा वर्गच दोनशे एकोननव्वद. म्हंजे तेरापरेंत बघायचं. आनि आख्ख्या नंबरात तेरापरेंत कुनी जात नाय, मंग ह्याच्यात कुठून जाईल? ते तूच नाय का बघितलंस?"

दहा वर्षं झाली, त्या वाक्याचं मला अजून अप्रूप वाटतं. मी चुकले होते, पण माझे सात भागाकार वाया गेले नव्हते. शेवटच्या पायरीला तेच कामाला आले. आणि ते उचलून तिथे ठेवलं हिराने.

तिच्या बापाने राखेतल्या तीन आकड्यांकडे बघितलं, मग माझ्या बाबांकडे. "त्या छत्रीवाल्याला येतंय का हो येवढं?"

"नाही येत."

"मंग त्याला बसू द्या छत्रीत. ही बसल परीक्षेला."

काकांनी नवीन मजकूर एका दमात जुळवला. कागद कापताना उरलेल्या बोटभर रुंद चिठ्ठ्यांवर तो छापला. सगळ्या पत्रकांमध्ये माझं आवडतं पत्रक अजूनही तेच आहे, आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नाही:

"५१०५११ = १९ × ९७ × २७७. या आकड्यात एवढंच आहे. पूर्ण तपासलं. नशीब सापडलं नाही. आपापला नंबर घरी तपासून पाहावा."

पहिल्या पेपरच्या सकाळी केंद्राच्या फाटकाशी बाबा त्या वाटत होते. काही पालकांनी नाकं मुरडली. एका मुलाने चिठ्ठीवर तिथेच गुणाकार करून बघितला आणि "बरोबर आहे काका" म्हणून आत गेला. हिराने तिची चिठ्ठी कंपासपेटीत झाकणाच्या आत चिकटवली होती.

निकाल लागला. हिरा इंग्रजीत नापास. पाड्यावर काहीजण म्हणालेच, बघा, राहू. ती म्हणाली, "इंग्रजीत नापास झाले. नंबरात नाय." गणितात तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. ऑक्टोबरला ती परत बसली. नवीन सीट नंबर आला, तो तिने बसमध्येच फोडला, आणि पास झाली.

मी पुढे कॉलेजात गेले, भांडले, लिहू लागले. रागीट लिहिते असं लोक म्हणतात. म्हणोत. अन्यायाकडे बघून ज्याला राग येत नाही त्याच्या शांतपणाचं मला कौतुक नाही. पण रागाने लिहिलेली प्रत्येक ओळ छापायला देताना मला शाई-रॉकेलचा वास येतो आणि कानाशी कोणीतरी विचारतं, कहाँ तक देखा? कितीदा तरी मी कागद परत घेतलाय. कितीदा तरी पुढच्याच दारात एकोणीस उभा होता.

होतचंदकाका आता नाहीत. त्यांच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे काहीही दिलं तरी न वाचता छापून मिळतं. बाबा निवृत्त झालेत, पाठकोरे कागद अजून जपून ठेवतात. या दोघांचे आभार मी कधी मानले नाहीत. त्या दुपारी मला वाटलं होतं की दोघं मिळून माझी मैत्रीण बुडवताहेत. खरं तर त्यांनी मला एका खोट्या उपकारापासून वाचवलं, आणि हिराला तिचा नंबर तिच्याच हाताने फोडायची संधी दिली. काका, बाबा, आज लिहून ठेवते. ऋणी आहे.

आणि एक गोष्ट मला मागच्याच वर्षी कळली. हिराचा तो वर्गाचा नियम तिच्या पूर्ण नंबराला लावला, तर तो फुटतो की नाही हे खात्रीने सांगायला कुठपर्यंत तपासावं लागतं? दोन आकड्यांचा गुणाकार असेल तर त्यांतला एक तरी लहान असणारच, त्यामुळे जिथे दोघं जवळजवळ सारखे होतात तिथपर्यंत. म्हणजे सातशे चौदापर्यंत. आता सातशे चौदा गुणिले सातशे पंधरा करून बघा. ५१०५१०. माझा सीट नंबर! तिच्या नंबराची शीव कुठे आहे, हे माझ्याच हॉल तिकिटावर लिहिलेलं होतं. आणि ते तिच्या तिकिटाच्या शेजारीच होतं. हे समजलं त्या दिवशी मी थेट पाड्यावर गेले.

हिरा आता तिथल्या अंगणवाडीत असते. तिने ते राखेत करून बघितलं, सवयीने, आणि म्हणाली, "तुझाच नंबर सांगत होता की मंगे, फक्त तुलाच ऐकू नाय आलं." दर मार्चला आसपासच्या पाड्यांवरच्या दहावीच्या मुली हॉल तिकिटं घेऊन तिच्याकडे येतात. ती कोणालाही नंबर चांगला की वाईट ते सांगत नाही. काठी देते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. या महिन्यात तुमच्या घरात, चाळीत, शेजारी कोणाचं तरी हॉल तिकीट आलेलं असेल. त्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, पाठकोरा कागद घ्या, आणि तिचा नंबर तिच्या हाताने फोडून घ्या. दोनपासून सुरू करा. एकोणीस गाळू नका. नुसते ओठ हलवू नका, मोठ्याने म्हणा. आणि मध्येच तुमचं काही चुकलंय असं लक्षात आलं, तर तिने पकडायच्या आधी तुम्हीच तिला सांगा.